दोन आडनावं, एक फाईल

वाचकाचं पत्र

मी बडोद्याजवळच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते. राहते दांडिया बाजारात. लेव्हल १२ या वेतनश्रेणीवर तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून यंदा कॅसखाली, म्हणजे शिक्षकांच्या बढतीच्या योजनेखाली, सहयोगी प्राध्यापकपदासाठी फाईल दिली. नऊ शोधनिबंध लावले होते, छाननीत पाचच धरले. दोन माझ्या माहेरच्या नावावर आहेत, त्यावर 'लेखिका तीच असल्याचा पुरावा नाही' असा शेरा. आणखी दोनांवर 'नियतकालिक यादीत नाही'. ७० गुण लागतात, माझे ४७ भरले. फाईल पूर्ततेसाठी परत आली आहे. एका सहीसाठी ग्रंथालयात गेले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, तीन वर्षं आधी यायला हवं होतं." मला ते फार लागलं. माझी मावसबहीण अमेरिकेत शिकवते. तिच्या टेन्युअरच्या, म्हणजे नोकरीत कायम होण्याच्या, वेळी ग्रंथालयातल्या बाईंनी तिच्या शेजारी बसून सगळी यादी तपासून दिली म्हणे. आमचा ग्रंथालयाशी संबंध नो ड्यूजच्या शिक्क्यापुरता. त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवावी का? इथे एक गृहस्थ पैसे घेऊन फाईल लावून देतात, त्यांच्याकडे जावं असं घरचे म्हणतात. माझी यादी सोबत जोडते आहे.

— एक अध्यापिका, बडोदे

उत्तर

ताई,

तुमची यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढल्यामुळे यादी समोर आली की हात पेन्सिलीकडे जातोच. आधी आकडे सांगते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल. तुमचे ७० गुण भरतात. आज, या यादीतच भरतात. नवा एकही निबंध लिहायला नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम तुमच्या फाईलला लावले आहेत असं शेऱ्यांवरून दिसतं. त्यात मानव्यविद्यांमधल्या एका शोधनिबंधाला १० गुण. दोन लेखक असले तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७. दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७ आणि बाकीच्यांना ३-३. समितीने तुमचे दोन स्वतंत्र निबंध धरले, त्याचे २०. सहकाऱ्याबरोबरचे दोन, त्याचे १४. तिघांच्या निबंधात तुमचं नाव दुसरं, त्याचे ३. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाचे ५. तुमच्या विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला आहे, त्याचे ५. झाले ४७. हिशेबात समितीची चूक नाही.

आता माहेरच्या नावावरचे दोन निबंध. दोन्ही स्वतंत्र, म्हणजे २०. ते सिद्ध झाले की ६७. आणि यादीच्या अगदी शेवटी, 'इतर' या मथळ्याखाली, तुम्ही एक ओळ लिहिली आहे: एका मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद, प्रकाशित. तो तुम्ही गुणांत मांडलेलाच नाही! भारतीय किंवा परदेशी भाषांतल्या अनुवादाला त्याच तक्त्यात गुण आहेत, प्रकरणाला किंवा निबंधाला ३ आणि पुस्तकाला ८. झाले ७५. निबंधांची संख्याही बघा. विद्यापीठातल्या शिक्षकाला या टप्प्यावर सात निबंध लागतात आणि त्यांतले तीन मूल्यमापनाच्या काळातले. पाच अधिक दोन सात. तुमच्या तारखांप्रमाणे चार याच काळातले आहेत. गुण सहापैकी किमान तीन गटांतून यावे लागतात, तेही जमतं: निबंध, पुस्तकं, मार्गदर्शन.

अनुवाद 'इतर'मध्ये का टाकलात, याचा मी थोडा विचार केला. आपल्याकडे अनुवाद म्हणजे संध्याकाळी पोळ्या झाल्यावर करायचं काम, असं बाईला स्वतःलाच वाटत असतं. तुमच्या पिशवीतली सगळ्यात भरीव वस्तू तीच असेल कदाचित. ती वर आणा.

नावाच्या भानगडीवर मला जरा थांबायचंय, कारण ती एकट्या तुमची नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या निम्म्याअधिक अध्यापिकांची ती होती, आणि पुरुषांना त्याची कल्पनाही नसते. एक उदाहरण देते, नाव बदलून. समजा लग्नाआधी 'अनघा सदाशिव देव'. पीएच.डी. त्याच नावावर, पहिले दोन निबंधही. लग्नानंतर 'अनघा मिलिंद राजवाडे'. इथवर ठीक. पण आपण गुजरातेत राहतो. इथे शाळेच्या दाखल्यापासून कचेरीच्या हजेरीपत्रकापर्यंत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत. म्हणून विद्यापीठाच्या नोंदीत त्या 'राजवाडे अनघा मिलिंद'. तिसरा निबंध पाठवताना त्यांनी हेच नाव टंकून दिलं. परदेशी संपादकाने शेवटचा शब्द आडनाव समजून तो निबंध 'मिलिंद, आर. ए.' या नावाने छापला. म्हणजे नवऱ्याचं नाव बायकोचं आडनाव झालं. गूगल स्कॉलरला यांत दोन वेगवेगळी माणसं दिसतात. छाननी करणाऱ्या माणसापुढे एकाच दिवशी चाळीस फायली असतात. त्याला तर अर्जावरचं 'राजवाडे' धरून तिघं दिसतात.

तुमच्या यादीत मला हेच दिसलं. सहकाऱ्याबरोबरच्या एका निबंधात तुमच्या पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर आहे आणि आडनावाच्या जागी यजमानांचं नाव. तो समितीने धरला, कारण सहलेखक ओळखीचे. तो प्रश्न पुढच्या खेपेला, प्राध्यापकपदाच्या वेळी, नव्या समितीपुढे पुन्हा उभा राहील.

हे ग्रंथपालाचं काम आहे, आणि ते त्यांना येतं. ऑर्किड नावाचा एक सोळा आकडी क्रमांक असतो. २०१२पासून जगभरचे संशोधक तो घेतात. फुकट मिळतो, दहा मिनिटांत. त्यात तुमची सगळी नावं 'या नावानेही प्रसिद्ध' अशी लिहिता येतात: माहेरचं, सासरचं, उलटसुलट झालेलं, नुसती आद्याक्षरं असलेलं. मग एकेक निबंध त्या क्रमांकाला जोडायचा. निबंधाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, असेल तर तो टाकला की नोंद आपोआप येते. नसेल, आणि आपल्या इतिहासाच्या जुन्या नियतकालिकांना बहुतेक नसतोच, तर हाताने भरायची. स्कोपस या निबंधसूचीत तुमच्या नावाचे दोन-तीन तुकडे पडले असतील तर ते एकत्र करण्याची विनंती तिथेच करता येते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'विद्वान' या संशोधक-सूचीवर तुमचं पान बहुधा आधीच असेल, कारण विद्यापीठं ते भरून घेतात. त्यात कुठलं नाव आहे ते बघून घ्या. इन्फ्लिबनेट आपल्या गांधीनगरचंच आहे, आणि तिथे काही अडलं तर विद्यापीठाचा ग्रंथपाल योग्य माणसापर्यंत पोहोचतो. तुम्ही एकट्या मेल करत बसाल तर महिने जातील.

समितीला मात्र नुसता ऑर्किडचा कागद पुरणार नाही. कागदाला कागद लागतो. विवाह नोंदणीचा दाखला, पीएच.डी.च्या पदवीची प्रत, नाव राजपत्रात बदललं असेल तर ते पान, नसेल तर दोन्ही नावांची मी एकच व्यक्ती असं प्रतिज्ञापत्र. तुमचा प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असला तर त्याचं पहिलं पानही जोडा: माहेरचं नाव, विषय, मार्गदर्शक. माहेरच्या नावावरचे दोन्ही निबंध त्याच विषयावरचे आहेत हे मी यादीत पाहिलं. विषयाचा धागा सलग दिसला की शंका घेणाऱ्याचाही हात सैल पडतो. हे सगळं एकामागे एक लावा आणि वर अर्ध्या पानाचं पत्र ठेवा, विशेषणं न घालता.

आता त्या दोन नियतकालिकांबद्दल. दोघांचा प्रश्न सारखा नाही, आणि समितीने दोन्ही एकाच शेऱ्यात बांधली ही घाई झाली.

पहिलं, ज्यात तुमचा स्वतंत्र निबंध २०२१मध्ये आला. तुम्ही म्हणता तेव्हा ते केअर यादीत, म्हणजे आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत, होतं. असू शकतं. ही यादी २०१९च्या जूनपासून लागू झाली, मधल्या काळात तीत नावं येत-जात राहिली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीच बंद केली. चांगलं नियतकालिक ओळखण्यासाठी काही निकष सुचवले आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली. आता एखाद्या सदस्याने आज संगणकावर यादी शोधली आणि सापडली नाही म्हणून 'यादीत नाही' लिहिलं, तर तो शेरा आजच्या दिवसाबद्दल झाला. निबंध छापला त्या दिवशी काय होतं, हे दाखवायला हवं. अनेक ग्रंथपालांनी त्या काळात ठरावीक महिन्यांनी यादी उतरवून, तारीख घालून ठेवली होती. तुमच्या ग्रंथपालांना पहिला प्रश्न हाच विचारा. त्यांच्याकडे ती असेल तर सहीशिक्क्यासह प्रत मागा. नसेल तर शेजारच्या विद्यापीठात त्यांच्या ओळखीचं कुणीतरी असतंच. ग्रंथपालांचं आपसातलं जाळं फार मोठं आणि फार दिलदार असतं. आमच्यातल्या कुणी यादी मागितली आणि मिळाली नाही, असं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. नियमातले शब्द 'समीक्षित (म्हणजे तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणारं) किंवा आयोगाच्या यादीतलं' असे आहेत. त्यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. समीक्षकाचे शेरे तुम्हाला मेलवर आले असतील, तुम्ही दुरुस्त्या करून परत पाठवलं असेल. ते मेल शोधा. तारखांसकट छापून लावा. निबंधाची खरोखर तपासणी झाली याचा त्याहून चांगला पुरावा नाही. तुम्ही ते पुसून टाकले नसले म्हणजे मिळवलीत! हा निबंध परत मिळाला तर ८५ होतात. नाही मिळाला तरी ७५ आहेतच, म्हणून त्यासाठी फाईल अडवून ठेवू नका.

दुसऱ्या नियतकालिकाचं मात्र मला वाईट बातमीच द्यायची आहे. तुम्ही दिलेला दुवा मी उघडला. मुखपृष्ठावर एका जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आहे, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तोही त्याचाच. पण खरं नियतकालिक छापील निघतं आणि वर्षातून दोनदा. या संकेतस्थळावर एकाच महिन्यात शेकड्याने निबंध आहेत: इतिहासाशेजारी काँक्रीटची ताकद, त्याशेजारी मधुमेह, त्याशेजारी बँकांची थकित कर्जं. आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की देश आणि माध्यम, म्हणजे छापील की ऑनलाइन, हे येतं, आणि दोन्ही इथल्याशी जुळत नाहीत. हे नकली आहे, खऱ्याचं नाव चोरून उभं केलेलं. केअरच्या संकेतस्थळावर अशा नकलांची वेगळी यादीच ठेवलेली असे. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्याने पैसे भरले असणार, आणि आठवड्याभरात 'स्वीकृत' असं पत्र आलं असणार.

तुम्ही फसवलं नाही, तुम्हाला फसवलं. पण हा निबंध फाईलमधून तुम्हीच काढून घ्या. पूर्ततेच्या पत्रात एक वाक्य लिहा, की हे नियतकालिक नकली असल्याचं आता लक्षात आल्यामुळे हा निबंध मी मागे घेते आहे. सहकाऱ्यालाही आधी फोन करून सांगा, त्याच्या फाईलमध्येही तो असेल. सातच्या सात गुणांवर पाणी सोडायचं. त्या एका वाक्यामुळे समिती तुमच्या बाकीच्या कागदांकडे वेगळ्या नजरेने बघेल, हे मी समित्यांच्या बैठकांत कोपऱ्यात बसून पाहिलेलं आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या मधल्या काळात मी एका संस्थेत होते. एक अध्यापक संध्याकाळी पाचला प्लास्टिकच्या पिशवीत निबंधांच्या प्रती घेऊन आले. दुसऱ्या दिवशी फाईल द्यायची होती. मला म्हणाले, "बाई, फक्त क्रमवार लावून द्या, पानं घाला." मी लावत बसले. प्रत्येक प्रतीचा कोपरा टाचणीने गंजलेला होता, ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्यात एका नियतकालिकावर माझी नजर अडली. पत्ता एका निवासी सोसायटीतल्या फ्लॅटचा होता, संपादक मंडळात एकाच आडनावाची पाच माणसं. मला कळलं. मी बोलले नाही. मला वाटलं, हे माझं काम नाही. मी ग्रंथपाल, ते प्राध्यापक. फाईल गेली, मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने तेच पान उघडलं. गुणांपेक्षा मोठी गोष्ट गेली: त्यांच्या शब्दाचं वजन गेलं. मुलाखतीत नापसंत झाल्यावर पुन्हा मूल्यमापन व्हायला किमान वर्ष थांबावं लागतं, आणि बढतीची तारीखही तितकी मागे जाते. ते माझ्याशी पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मी आजही बोलू शकलेली नाही.

म्हणून तुमचे ग्रंथपाल "तीन वर्षं आधी यायला हवं होतं" म्हणाले, ते मला वेगळं ऐकू येतं. ती टोचणी नव्हती. त्या माणसाला तुमची यादी पाहताक्षणी काहीतरी दिसलं, आणि तो गप्प बसला नाही. मी गप्प बसले होते.

तुमची फाईल अजून निवड समितीपुढे गेलेली नाही, फक्त पूर्ततेसाठी परत आली आहे. हा मोठा फरक आहे. अपुऱ्या कागदांनी पुढे रेटून मुलाखतीत नाकारून घेण्यापेक्षा पंधरा दिवस जास्त मागून घ्या. आणि कोणत्या वर्षाचे नियम, राज्य सरकारचा कोणता ठराव तुमच्या फाईलला लावला आहे, हे विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाकडून, म्हणजे आयक्यूएसीकडून, लेखी घ्या. नुसतं तोंडी नको.

मावसबहिणीचं म्हणाल तर तिचं खरं आहे, पण तिथलं गणित निराळं आहे. अमेरिकेत टेन्युअर म्हणजे कायम होणं. तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेने १९४०मध्ये केलेल्या निवेदनात उमेदवारीचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा असं म्हटलं आहे, आणि बहुतेक विद्यापीठं सहाव्या वर्षी निर्णय घेतात. कायम झाला नाहीत तर साधारण वर्षभरात सामान बांधायचं. तिथल्या अनेक विद्यापीठांत विभागांना विषय-ग्रंथपाल नेमून दिलेला असतो. मदत मागितली की तो नव्या शिक्षकाबरोबर बसतो: कुठे लिहावं, उद्धरणं कुठे झाली, पुस्तकाची परीक्षणं कुठे आली, कुठल्या ग्रंथालयांनी ते घेतलं. बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं येतात तेव्हा त्यांना वाचायला नीट लावलेली यादी लागते, तीही त्याच्या मदतीने होते. आपल्याकडे प्रोबेशन संपलं की नोकरी पक्की. बढती अडली की वेतनश्रेणी तीच राहते, वर्षं जातात, पण कुणी घरी पाठवत नाही. त्यामुळे ग्रंथालयाकडे धाव घेण्याची वेळ आपल्यावर शेवटच्या आठवड्यात येते.

आणि हे बडोद्यात व्हावं याचं मला मनापासून दुःख होतं. या गावात महाराज सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं उभं केलं. बॉर्डन इथे तीन वर्षं राहिले. राज्यातल्या खेड्यांना पेट्यांतून फिरती ग्रंथालयं जात होती. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून. मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते तेव्हा त्या काचेवर पाय ठेवायला घाबरले होते. ज्या गावाने कपाटातल्या पुस्तकालाही उजेड मिळावा याची काळजी घेतली, त्या गावात ग्रंथपाल म्हणजे नो ड्यूजचा शिक्का, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. यात आमचाही दोष आहे. आम्ही टेबलामागे बसून राहिलो. विभागांच्या बैठकांना बोलावलं नाही म्हणून गेलो नाही, आणि जाऊ द्या म्हणून मागितलंही नाही.

तेव्हा अपेक्षा ठेवावी का, या प्रश्नाचं उत्तर: ठेवा, पण काय मागायचं ते ठरवून जा. "माझी फाईल बघा" असं म्हटलंत तर ते पानं मोजतील. "या दोन नावांची नोंद एक करायची आहे", "या आयएसएसएनची पडताळणी हवी आहे", "२०२१ची यादी तुमच्याकडे आहे का" असं विचारलंत तर त्यांच्यातला ग्रंथपाल जागा होईल. त्यांचीही कॅस असते. सहायक ग्रंथपालापासून वरच्या जागा याच २०१८च्या नियमांत आहेत. छाननीच्या शेऱ्याने पोटात कसा गोळा येतो, ते त्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे.

काही गोष्टी ते करू शकणार नाहीत. निबंध चांगला की वाईट, हे ते ठरवणार नाहीत. समितीशी तुमच्या वतीने बोलणार नाहीत, आणि तुम्हीही तसं मागू नका. उद्धरणांचं म्हणाल तर या गुणतक्त्यात त्यांना वेगळे गुण नाहीत, म्हणून एच-इंडेक्स, म्हणजे उद्धरणांवरून काढलेला आकडा, कमी आहे याची खंत सध्या बाजूला ठेवा. इतिहासातली उद्धरणं पुस्तकांच्या तळटीपांत होतात, मराठी-गुजराती ग्रंथांत होतात, आणि ती कुठलंही यंत्र नीट पकडत नाही. मुलाखतीसाठी मात्र एक गोष्ट करून घ्या. शोधगंगावरच्या प्रबंधांच्या संदर्भसूच्यांत तुमचं नाव शोधायला सांगा, दोन्ही आडनावांनी. तुमच्या पहिल्या निबंधाचा विषय असा आहे की कोल्हापूर-पुण्याकडच्या कुणीतरी तो वापरला असणारच. दोन-तीन सापडले तरी तज्ज्ञापुढे ठेवायला ते पुष्कळ झालं.

वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल समितीने मागितला तर तोही ग्रंथालयातूनच मिळतो. आयोगाच्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तुमचे निबंध मोडी कागदपत्रांवरचे आहेत, तिथे काळजीचं कारण दिसत नाही. पुढच्या लेखनासाठी एक सांगून ठेवते. २०२५च्या जानेवारीपासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे. तुमचं विद्यापीठ सरकारी असेल तर तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार ई-नियतकालिकं तुम्हाला उघडी आहेत. निबंध कुठे पाठवावा हे ठरवताना त्यांचे मागचे चार अंक वाचून बघा. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्यांकडे पुन्हा वळावंसंच वाटणार नाही.

ते पैसे घेणारे गृहस्थ. घरच्यांना प्रेमापोटी वाटतं, की एकदाचं काम होऊन जाऊ दे. पण मला त्यांच्या हातच्या फायली माहीत आहेत. सुंदर बांधलेल्या असतात, रंगीत विभाजक पानं असतात, अनुक्रमणिका ठळक असते. आत काय आहे ते त्यांना कळत नाही, आणि तुमचं नकली नियतकालिक त्यांनी अगदी छान प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिलं असतं. शिवाय तुमच्या पदव्यांच्या, पगाराच्या, विवाहाच्या दाखल्याच्या प्रती अनोळखी माणसाच्या संगणकात कशाला ठेवायच्या? फाईल स्वतः लावा. अनुक्रमणिका हाताने लिहिली तरी चालेल.

सोमवारी जा. सकाळी अकराच्या आत, म्हणजे विद्यार्थ्यांची गर्दी नसते. नऊही निबंधांच्या मूळ प्रती न्या, झेरॉक्स नकोत, कारण आयएसएसएन आणि संपादक मंडळ मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर असतं आणि झेरॉक्समध्ये नेमकं तेच गळलेलं असतं. विवाहाचा दाखला आणि पदवीची प्रत. समीक्षकांचे मेल. आणि तो अनुवाद, पुस्तक म्हणून, हातात. अनुवादक म्हणून तुमचं नाव आतल्या शीर्षकपृष्ठावर आहे ना, आयएसबीएन मागच्या पानावर आहे ना, एवढं आज रात्रीच बघून ठेवा. त्यावर कुठलं आडनाव छापलंय, तेही.